गाडीची पुढची जाळी घरच्या घरी कशी बदलावी

पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीचा टो-हुक लागतो, हायवेवर ट्रकच्या चाकाखालचा खडा उडतो, गल्लीत कुत्रं आडवं येतं. अशा वेळी गाडीत बहुतेकदा सगळ्यांत आधी तुटते ती पुढची जाळी, म्हणजे ग्रिल. ती नुसती शोभेची नसते. तिच्या मागे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळीदार चौकट, आणि त्यामागे रेडिएटर असतो. त्यांना वारा मिळावा, पण दगड आणि पाखरं थेट आदळू नयेत, हे जाळीचं काम. जाळीला भगदाड पडलेलं असताना गाडी तशीच चालवली, तर कंडेन्सरची कागदासारखी पातळ पाती वाकतात. एखादा टोकदार खडा नेमका नळीवर बसला तर एसीचा सगळा गॅस निघून जातो. कंडेन्सर जाळीपेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

हे काम घरी जमण्यासारखं आहे, कारण त्यात वेल्डिंग नाही, इंजिन उघडायचं नाही आणि साध्या हत्यारांत भागतं. पहिल्यांदा करताना अडचण येते ती एकाच ठिकाणी. जाळी किंवा बंपर निघत नाही असं दिसलं की माणूस जोर लावतो आणि प्लास्टिकचं लॉक तुटतं. गाडीचा पुढचा भाग जोरावर निघत नाही. तो अडला, तर कुठे तरी एक स्क्रू किंवा एक लॉक सुटायचं राहिलेलं असतं. ते शोधा.

विम्यात टाकायची की नाही

आधी हा हिशोब करा. साध्या पॅकेज पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून जातात. समजा जाळी ३,००० रुपयांची आहे आणि गाडी छोटी आहे. घसाऱ्यानंतर १,५०० उरतात, त्यातून १,००० गेले की हातात ५०० रुपये. त्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. नुसती जाळी तुटली असेल तर दावा करू नये, हे आमचं स्पष्ट मत. जाळीसोबत हेडलाइट, बंपर, रेडिएटर असं मोठं नुकसान असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा काहीही खोलण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा.

योग्य जाळी विकत घेणे

एकाच गाडीच्या वेगवेगळ्या व्हेरियंटना वेगवेगळ्या जाळ्या येतात. कुणाला क्रोमची पट्टी, कुणाला पूर्ण काळी, कुणाला कॅमेऱ्यासाठी भोक. फेसलिफ्ट झाल्यावर, म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलचं रूप थोडं बदलल्यावर, तर बाहेरून सारखी दिसणारी जाळीही लॉकच्या जागा बदलल्यामुळे बसत नाही. म्हणून दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगून थांबू नका. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर द्या. अधिकृत पार्ट्सवाला त्यावरून नेमका पार्ट नंबर काढून देतो. जुन्या जाळीच्या मागच्या बाजूलाही बऱ्याचदा पार्ट नंबर कोरलेला असतो.

कंपनीचा अस्सल माल घ्यायचा की बाजारातला? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत बाजारातली जाळी स्वस्त मिळते. पण तिची लॉक अनेकदा जाड किंवा किंचित तिरकी असतात, आणि बसवताना ती घासून सारखी करावी लागतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने अस्सल जाळी घ्यावी. पैसे जास्त जातील, पण न बसण्याचं कारण जाळीत आहे की आपल्या हातात, हा गोंधळ उरणार नाही. लोगो जाळीसोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे दुकानातच विचारून घ्या. बहुतेकदा वेगळा असतो.

त्याच दुकानातून बंपरच्या प्लास्टिक क्लिपा आठ-दहा जास्तीच्या घ्या. जुन्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात आणि काढताना दोन-चार तरी तुटतातच. क्लिप घेताना एक जुनी सोबत न्या, कारण भोकं ६, ७, ८ आणि १० मिलिमीटर अशी वेगवेगळी असतात. सैल बसलेली क्लिप महिनाभरात रस्त्यावर पडते.

हत्यारं

१० नंबरची गोटी (सॉकेट) आणि ती फिरवायचा रॅचेट, सोबत एक लांब एक्स्टेन्शन. मध्यम आणि लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक बारीक चपटा. काही गाड्यांना सहा टोकांचे टॉर्क्स स्क्रू असतात, त्यांच्यासाठी टी-२० आणि टी-२५ बिट. क्लिपा उचकटायला प्लास्टिकची पट्टी, म्हणजे ट्रिम टूल. ते नसेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, म्हणजे रंग खरवडणार नाही. याशिवाय मास्किंग टेप, टॉर्च, जुनी गोधडी आणि पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा.

पुठ्ठा कशाला, तर त्यावर बंपरचं ढोबळ चित्र काढायचं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी खोचायचा. बंपरला तीन-चार प्रकारचे स्क्रू असतात. डब्यात एकत्र टाकले की कुठला कुठे हे कळत नाही, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो मागे काहीतरी भोसकू शकतो. सगळं बसवून झाल्यावर पुठ्ठा रिकामा दिसला पाहिजे.

कुठली पद्धत, ते आधी ओळखा

बॉनेट उघडा आणि जाळीच्या वरच्या काठाकडे पाहा. जाळीचे स्वतःचे स्क्रू किंवा क्लिपा वरून दिसत असतील आणि जाळी व बंपर यांच्यामध्ये सलग फट असेल, तर जाळी बहुधा बाहेरूनच निघते. अर्ध्या तासाचं काम. वर दिसणाऱ्या क्लिपा बंपरच्या असतील आणि जाळीचा काठ बंपरच्या आत शिरलेला असेल, तर जाळी आतून बसवलेली आहे आणि बंपर उतरवावा लागेल. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हाच प्रकार दिसतो. पहिल्यांदा करताना दोन ते तीन तास धरा, आणि मदतीला एक माणूस हवाच. काही गाड्यांत जाळी बॉनेटलाच जोडलेली असते. तिथे बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूचे नट सोडायचे, बस्स.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. गाडीत पुढच्या वाहनापासूनचं अंतर राखणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल, तर तिचा रडार लोगोच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीत असू शकतो. असा रडार जागचा किंचित जरी हलला तरी पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, आणि ते घरी होत नाही. त्याच्यासमोर धातूचा लोगो किंवा क्रोमची पट्टी आली तर लहरी अडतात. अशा गाडीची जाळी सर्व्हिस सेंटरमध्येच बदला.

सुरू करण्याआधी

गाडी सपाट जागेवर, सावलीत उभी करा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत रेडिएटर तर गरम असतोच, पण काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरतो. थंडीच्या पहाटेही हे काम करू नका. नाशिक-नागपूरकडे हिवाळ्यात सकाळी सातला जे लॉक कडकन तुटतं, तेच दुपारी बारा वाजता वाकून सुटतं. बंपर आणि जाळी आधी पाण्याने धुऊन घ्या. धुळीखाली स्क्रू लपतात, आणि खडीचे कण काढताना रंगावर ओरखडे पाडतात.

चारही बाजूंनी फोटो काढा. बंपर आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) जिथे भेटतात त्या रेषेचे फोटो अगदी जवळून घ्या. बंपर परत बसवताना फट पूर्वी किती होती, हे त्यावरूनच कळेल. फेंडर आणि हेडलाइटच्या कडेला मास्किंग टेप लावा. बंपरचं टोक नेमकं तिथेच घासतं.

बंपर उतरवणे

चाकांच्या कमानीपासून सुरुवात करा. कमानीच्या पुढच्या काठावर, बंपर आणि फेंडर मिळतात तिथे, दोन्ही बाजूंना एक-दोन स्क्रू असतात. काही गाड्यांत ते आतल्या प्लास्टिकच्या अस्तरामागे लपलेले असतात. हात जायला जागा हवी तर स्टिअरिंग उलट्या बाजूला वळवा. डावीकडचा स्क्रू काढायचा तर स्टिअरिंग उजवीकडे. यासाठी पॉवर स्टिअरिंग लागतं, म्हणून हे काम बॅटरी सोडण्याआधी उरकायचं. कोकणात किंवा समुद्राकाठी राहणाऱ्या गाडीचे हे स्क्रू हमखास गंजलेले असतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. घाईत स्क्रूचं डोकं गोल झालं तर तो ड्रिलने काढावा लागतो.

आता चावी काढा आणि बॅटरीची ऋण तार, म्हणजे काळी, १० नंबरने सोडा. तारेचं टोक बाजूला सारून कापडात गुंडाळा आणि पाचेक मिनिटं थांबा. समोरच्या पट्टीवर एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर असतात. पिवळ्या रंगाचे कपलर (तारा जोडणारे प्लास्टिकचे जोड) आणि तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नका, आणि त्या भागात हातोडी वापरू नका.

त्यानंतर बॉनेटखालच्या वरच्या पट्टीवरच्या क्लिपा. साधारण चार ते आठ असतात. इथे नवखे हमखास चुकतात, कारण क्लिपा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्ही वेगळ्या तऱ्हेने सुटतात. पहिल्या प्रकारात मधल्या टिकलीच्या कडेला खाच असते. त्यात चपटं टोक घालून टिकली वर उचलायची, मग सगळी क्लिप बाहेर येते. दुसऱ्यात टिकलीवर स्टारची खूण असते. ती पाव ते एक फेरा फिरवली की वर येते, मात्र दाबून फिरवली तर प्लास्टिकचे आटे जातात. तिसऱ्या प्रकारात टिकली वर उचलायची नसून तीन-चार मिलिमीटर आत दाबायची असते. तिला खाच नसते, हीच तिची ओळख. दाबल्यावर क्लिप सैल होते. ती परत लावताना मधली पिन आधी मागून ढकलून वर आणावी लागते, नाहीतर क्लिप धरत नाही.

खाली वाकून बंपरचा तळ पाहा. चार ते आठ स्क्रू किंवा क्लिपा इथेही असतात, काहींना १० नंबरचे बोल्ट. चिखलाने भरलेले असतील तर आधी ब्रशने मोकळे करा. गाडी जॅकवर घेण्याची गरज सहसा पडत नाही. घेतलीच तर स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाणं जिवावर बेतू शकतं.

नंबर प्लेटबद्दल एक सूचना. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट असते आणि तिची लॉक एकदा तोडली की पुन्हा वापरता येत नाहीत. बंपर प्लेटसकट निघतो, म्हणून तिला हात लावू नका.

सगळे स्क्रू निघाल्यावर दोघांनी दोन टोकं धरायची. कमानीकडचं टोक हाताने बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे ओढा. हेडलाइटखालच्या दातेरी पट्टीतून बंपर टक-टक आवाज करत सुटतो. आवाज येतोय म्हणजे बरोबर चाललंय. एकाच जागी अडून बंपर कमानीसारखा वाकायला लागला तर थांबा आणि स्क्रू शोधा. बहुतेक वेळा तो कमानीच्या अस्तरात किंवा जाळीच्या मधोमध, लोगोच्या वर सापडतो. दोन्ही टोकं सुटली की बंपर सरळ पुढे ओढा, पण एक वीतभरच. मागे फॉग लाइट आणि असतील तर पार्किंग सेन्सरच्या तारा जोडलेल्या असतात. कपलरचं नाकाड दाबून ते सोडवा, तार धरून ओढू नका. नाकाड दबत नसेल तर खाचेत माती असते. फुंकर मारा किंवा दाताच्या ब्रशने साफ करा.

बंपर गोधडीवर पालथा ठेवा, रंगाची बाजू खाली.

जाळी काढणे आणि बसवणे

मागच्या बाजूने जाळी दिसेल. सहसा चार ते दहा स्क्रू आणि कडेने लॉकांची रांग. आधी सगळे स्क्रू काढा. मग एका कोपऱ्यातून सुरू करून एकेक लॉक स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचला आणि दुसऱ्या हाताने जाळी बाहेर ढकला. सुटलेलं लॉक परत बसू नये म्हणून फटीत पुठ्ठ्याची चिंधी घाला. जाळी फेकायचीच असली तरी तिच्यावर राग काढू नका. तुटायला नको ती बंपरच्या बाजूची खाच, आणि ती तुटली तर बंपर बदलावा लागतो.

जुना लोगो नव्या जाळीवर लावायचा असेल आणि तो चिकटवलेला असेल, तर केस वाळवायच्या मशीनने दोन मिनिटं गरम करा, मग लोगोच्या मागून मासे पकडण्याचा नायलॉन दोरा करवतीसारखा फिरवा. जुना चिकट थर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि गाड्यांसाठीच्या दुहेरी फोम टेपने लावा. लॉकने बसलेला लोगो मागून दाबला की निघतो.

बंपर उतरलेला आहे तोवर कंडेन्सर धुऊन घ्या. एरवी तिथे हात पोचत नाही. साध्या नळाच्या पाण्याने, हलक्या धारेने, पात्यांच्या सरळ रेषेत. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती आडवी पडतात आणि वारा अडतो. वर्षानुवर्षांची माखलेली पाखरं आणि माती निघाली की उन्हाळ्यात एसीचा फरक जाणवतो.

नवी जाळी आधी स्क्रू न लावता दाबून बघा. प्रत्येक लॉकचा टिक असा आवाज आला पाहिजे, आणि पुढून पाहिल्यावर जाळीभोवतीची फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग स्क्रू. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो पडल्याचा बारीक धक्का बोटांना कळतो. तिथून सुलटा फिरवा. हे केलं नाही तर स्क्रू नवे आटे पाडतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोक सैल होतं. ड्रिल मशीन वापरू नका, हातानेच घट्ट करा. डोकं टेकलं की पाव फेरा पुरे. स्क्रू हरवला असेल तर जुन्याच लांबीचा घ्या. जास्त लांब स्क्रू कंडेन्सरपर्यंत पोचून त्याला भोक पाडू शकतो.

बंपर परत चढवणे

आधी कपलर जोडा. बंपर चढल्यावर ते आठवले तर पुन्हा सगळं उतरवावं लागेल. मग दोघांनी बंपर समोरून समपातळीत आणा, मधला भाग बसवा, वर दोन क्लिपा नुसत्या अडकवा आणि मग दोन्ही बाजूंचे दाते तळहाताने दाबत हेडलाइटखालून फेंडरकडे जा. फोटोशी ताडून बघा. एका बाजूची फट जास्त दिसली तर तिथले दाते पूर्ण बसलेले नाहीत. तो भाग सोडवून पुन्हा दाबा. स्क्रूने ओढून फट मिटवायला गेलात तर फेंडरच्या कडेचा रंग उडतो. सगळे स्क्रू आधी दोन-तीन फेरे लावून ठेवा, नंतर घट्ट करा. वरचे, तळाचे, आणि बॅटरी जोडून स्टिअरिंग वळवता आलं की शेवटी कमानीचे.

घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत काचेचं आपोआप वर जाणंही बंद पडतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुधा पूर्ववत होतं. फॉग लाइट, हॉर्न, एसी तपासा. बॉनेट वीतभर उंचीवरून सोडून बंद करा, खालून केबल ओढून उघडून बघा आणि मधला सुरक्षेचा हुक धरतो का हेही पाहा.

लॉक तुटलंच तर

जाळीच्या मागे प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. एबीएस लिहिलेलं असेल तर फेविक्विकसारख्या सुपरग्लूने तुटलेला तुकडा जोडता येतो. जोडावर मागून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पुन्हा एक थेंब दिला की ते दगडासारखं घट्ट होतं. त्यातून गरम वाफ येते, म्हणून तोंड लांब ठेवा. बंपरवर मात्र सहसा पीपी असं कोरलेलं असतं. त्यावर सुपरग्लू टिकत नाही. तिथे सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी प्लास्टिकमध्ये वितळवून बसवावी लागते.

जाळीमागे आणखी काही लावायचं असेल तर

उंदीर आणि पाखरं येऊ नयेत म्हणून अनेक जण मागे डासांची जाळी लावतात. ती लावू नका. बारीक छिद्रांची जाळी धूळ धरते आणि वारा अडवते. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण भर उन्हात एसी लावून खंबाटकी किंवा वरंधा घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागतो. हौस असेल तर बोटाचं टोक जाईल एवढ्या छिद्रांची धातूची जाळी लावा. बंपरपुढे लावायच्या लोखंडी गार्डच्या नादी तर लागूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ते बेकायदेशीर असल्याचं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. धडकेचा जोर बंपरने शोषायचा असतो. गार्ड तो जोर थेट सांगाड्यात पाठवतो, त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो.

शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर बॉनेट उघडून वरच्या क्लिपा आणि कमानीचे स्क्रू एकदा हाताने हलवून बघा. खडखड आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा तिथूनच येतो.